ओटाहुहूच्या हॉलमधली मासी: प्रदर्शन, कार्यशाळा आणि विकत आणलेला एक तुकडा

ऑकलंडमधल्या मराठी मंडळींनी हे प्रदर्शन चुकवू नये म्हणून लिहितेय. ओटाहुहूतल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये, इथेच लहानाच्या मोठ्या झालेल्या फिजियन मुलींनी आपली कामं मांडली आहेत. शनिवारी सकाळी त्याच हॉलमध्ये मासी, म्हणजे झाडाच्या सालीचं कापड, करायला शिकवतात. प्रदर्शन फुकट आहे. कार्यशाळेचे 45 डॉलर, त्यात चहा आणि उकडलेला कसावा आला. गटाचं नाव देत नाही, कारण शिकवणाऱ्या बाईंनी तशी विनंती केली: जागा थोड्या आहेत, ओळखीतून माणसं आली तर त्यांना झेपतं. तुमच्या ऑफिसात किंवा मुलांच्या शाळेत कोणी फिजियन असेल तर विचारा, पत्ता मिळतो. मलाही तसाच मिळाला. बाईंना सगळे बुबू म्हणतात, म्हणजे आजी, म्हणून मीही इथे बुबूच लिहिते.

मी मूळची इचलकरंजीची. वडील सायझिंगमध्ये होते, ताण्याच्या सुताला खळ लावायचं काम. मी इथे कपडे अल्टर करायचं दुकान चालवते. कुठलंही कापड समोर आलं की मी आधी त्याची कड बघते, मग पाठ, आणि मग नक्षी. हे परीक्षणही त्याच नजरेनं केलंय.

आत शिरल्यावर उजव्या भिंतीवर जे काम आहे, त्याच्यापुढे वेळ काढा. छतापासून जवळजवळ जमिनीपर्यंत आलेली एक लांब मासी आहे, त्यावर काळ्या आणि तांबूस रंगात त्रिकोण, चौकटी आणि चांदण्यांच्या ओळी. फिजीत ही नक्षी साच्यानं उमटवतात. साचे पूर्वी केळीच्या पानातून कापत, आता बहुतेक जणी जुन्या एक्स-रे फिल्मचे कापतात. फिल्म भिजत नाही, वाकवली तरी मोडत नाही, आणि ब्लेडनं कापली की कड स्वच्छ निघते. गावात कोणाचं हाड मोडलं की फिल्म शेवटी मासी करणाऱ्या बाईकडे पोचते. या मुलीनं आपल्या आजीच्या खुब्याचा एक्स-रे घेतला. ऑपरेशन इथेच ऑकलंडात झालेलं. त्याच फिल्ममधून तिनं नक्षी कापली, त्याच साच्यानं सगळी मासी छापली आणि मग ती फिल्म शेजारच्या खिडकीत टांगली. जवळ गेलं की फिल्मवर हाडात बसवलेले स्क्रू दिसतात आणि त्या स्क्रूंच्या मधून त्रिकोणांची ओळ आरपार कापत गेलेली दिसते. कापलेल्या प्रत्येक कडेला रंगाचा वाळलेला थर आहे, काही ठिकाणी नखानं खरवडता येईल इतका जाड. म्हणजे हा साचा दाखवण्यापुरता केलेला नाही. त्यानं खरोखर काम केलंय, पुन्हा पुन्हा, आणि मध्ये धुतलाही गेलाय.

आजी लाउ बेटांतल्या मोथेची, ते बेट मासीसाठी नावाजलेलं. नातीनं मोथे पाहिलेलंच नाही. तिनं आजीकडून दोन नक्ष्या घेतल्या, बाकीच्या मावशीनं फोनवर दाखवल्या, आणि एक तिनं स्वतः रचली. ही स्वतःची नक्षी तिनं मधोमध मिरवली नाही, खालच्या पट्टीत ठेवली आणि खाली तसं स्पष्ट लिहिलंय. कुठलं काय कुणाकडून आलं, याचा असा चोख हिशेब मी कुठल्या मोठ्या संग्रहालयातही पाहिलेला नाही. ‘हरवलेला वारसा’ म्हणून हळहळून बाहेर पडायची सोय हे काम देत नाही. ज्ञान कुठे अखंड आलंय, कुठे तुटलंय आणि तुटलेल्या जागी कुणी काय घातलंय, ते सगळं तुमच्या डोळ्यांसमोर ठेवलंय. माझ्या मते प्रदर्शनातलं सगळ्यात पक्कं काम हेच.

समोरची भिंत गोंदणाची आहे. फिजीत वेईंगिया नावाची चाल होती. मुलगी वयात आली की तिला गोंदायचं, आणि गोंदणारी बाईच असायची. कमरेखाली, मांड्यांवर, लिकु नावाच्या झालरीच्या वस्त्राखाली झाकलं जाईल अशा जागी, शिवाय काहींच्या ओठांभोवती आणि हातांवर. हत्यार लिंबाच्या काट्याचं किंवा हाडाच्या दातऱ्याचं, रंग काजळीचा. एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले तशी ही चाल दाबली गेली आणि पुढे थांबली. समोआचे लोक आजही गोष्ट सांगतात की गोंदणाची विद्या त्यांच्याकडे फिजीहून दोन बहिणी पोहत घेऊन आल्या. ‘बायकांना गोंदा, पुरुषांना नको’ असं गात निघाल्या आणि वाटेत गाणं उलटं झालं, म्हणून समोआत पुरुष गोंदून घेतात. ज्यांच्याकडून विद्या गेली त्यांच्या घरात ती बंद पडली आणि शेजाऱ्यांकडे चालू राहिली.

या भिंतीमागे दहा वर्षांची एक मोठी मेहनत आहे, ती माहीत असली तर भिंत नीट कळते. 2015 साली वेईंगिया प्रोजेक्ट नावानं फिजियन वंशाच्या बायकांचा एक गट उभा राहिला. मार्गारेट ऑल, डोनिटा ह्यूम, जोआना मोनोलांगी, डल्सी स्ट्युअर्ट, लुइसा तोरा या कलाकार, आणि तारिसी वुनिंदिलो व एमा तावोला या क्युरेटर. त्या फिजीच्या राजधानीत, सुव्याला, फिजी म्युझियममध्ये जाऊन जुन्या वस्तू आणि नोंदी बघून आल्या आणि 2016 मध्ये ऑकलंडच्या सेंट पॉल स्ट्रीट गॅलरीत त्यांनी प्रदर्शन केलं. हे काम सोपं नव्हतं, कारण फिजियन बायकांच्या कितीतरी वस्तू फिजीत नाहीतच. बॅरन फॉन ह्यूगेल नावाचा एक युरोपीय संग्राहक 1875 ते 1877 फिजीत राहिला, त्यानं जमवलेला मोठा ऐवज केंब्रिजच्या संग्रहालयात आहे. आपल्या खापरपणजीच्या अंगावर काय होतं हे बघायला ऑकलंडच्या मुलीनं इंग्लंडातल्या कपाटाची परवानगी मागायची, अशी स्थिती. ओटाहुहूच्या मुली या गटाच्या नाहीत, वयानं पुष्कळ लहान आहेत, पण त्या बायकांचं ऋण त्यांनी भिंतीवर नावानिशी मानलंय. मला ते फार आवडलं.

या भिंतीवरचं लिकु मात्र मला पटलं नाही. झालर छान आहे, धागे हातानं सोलून रंगवलेत. पण लिकुचं कसब कमरेच्या पट्टीत असतं. जुन्या लिकुंची पट्टी अशी गुंफलेली असते की दोरा कुठून सुरू झाला ते शोधत बसावं. इथे पट्टी मशीनवर शिवली आहे, टाकाही सैल. भिंतीवरच्या मजकुरात ‘शरीर’, ‘सत्ता’, ‘प्रतिकार’ असे मोठे शब्द आहेत आणि पट्टीवर मेहनत नाही. मुलगी गुणी आहे, हात तयार व्हायला तिला अजून एखादी बुबू लागेल. आणि हा मजकूर फिक्या करड्या अक्षरांत पांढऱ्यावर, तोही गुडघ्याच्या उंचीला. माझ्या शेजारी आलेल्या वयस्कर फिजियन बाई तो वाचायला जमिनीवर बसल्या. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांनाच वाचता येत नसेल तर अक्षरं मोठी करा, यात खर्च काहीच नाही.

आता ज्या गोष्टीनं मी अस्वस्थ झाले ती. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळकांडीत, चहाच्या ट्रॉलीच्या वर, एक सुती कापड टांगलंय, हळदीत आणि आंब्याच्या पानांत रंगवलेलं. करणारी मुलगी भारतीय वंशाची फिजियन, घर पापाटोएटोएला. तिची पणजी गिरमिटवर, म्हणजे करारावरच्या मजुरीला, गेलेली. 1879 ते 1916 या काळात साठ हजारांवर माणसं कलकत्त्याहून आणि पुढे मद्रासहूनही बोटींनी फिजीच्या उसाच्या मळ्यांत नेली. प्रत्येकाचा एक पास असायचा. त्यावर नाव, बापाचं नाव, जात, गाव, उंची, आणि एक रकाना अंगावरच्या खुणांचा. या मुलीनं पणजीचा पास मिळवला आणि त्यातला फक्त तो रकाना कापडावर भरतकामात उतरवला. ‘डाव्या हातावर गोंदण’ एवढंच. अक्षरं कारकुनाच्या वळणाची, इंग्रजी, धागा काळा. खाली उरलेलं कापड मोकळं.

कारकुनानं गोंदण लिहिलं ते माणूस पळून गेला तर ओळखता यावा म्हणून. त्या हातावर काय गोंदलं होतं, तुळस की विंचू की नवऱ्याचं नाव, हे त्यानं लिहिलं नाही. माझ्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन होतं, आणि ते कोणत्या जत्रेत, कोणत्या बाईकडून, किती रडून गोंदून घेतलं हे घरात सगळ्यांना पाठ होतं. त्या मुलीच्या घरात असं सांगणारं कोणी उरलं नाही. मी त्या कापडापुढे उभी राहिले तेव्हा ट्रॉली सरकवायला दोनदा बाजूला व्हावं लागलं.

हे कापड गोंदणाच्या भिंतीशेजारी हवं होतं. एकीकडे जिचं गोंदण मिशनरीनं पाप ठरवलं ती बाई, दुसरीकडे जिचं गोंदण कारकुनानं ओळखखूण म्हणून टिपलं ती. दोघी फिजीतल्याच, साधारण एकाच काळातल्या. हे नातं बाकी सगळ्या प्रदर्शनाला अर्थ देतं आणि आयोजकांनी ते बोळकांडीत ठेवलं. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण भारतीय वंशाच्या फिजियन माणसांना असं कडेला ठेवणं नवं नाही. 1987 च्या सत्तापालटानंतर ती हजारोंनी ऑकलंड, सिडनी, व्हँकुव्हरला आली. इथल्या सरकारी आकडेवारीत त्यांची गणती पॅसिफिक लोकांत होत नाही, आशियाई लोकांत होते. चार पिढ्या प्रशांत महासागरात राहून. भारतातून येऊन पापाटोएटोएत शेजारी झालेली आपण मंडळीसुद्धा त्यांना ‘ते फिजीवाले’ म्हणून वेगळे काढतो, हेही इथे लिहायला हवं. या वाटेवर आधी चाललेली भारतीय वंशाची फिजियन कलाकार क्विशिल चरण हिची वनस्पतीरंगांतली कापडं कुठे बघायला मिळाली तर जरूर बघा.

शिवाय एक साधी तांत्रिक गोष्ट. त्या बोळकांडीला पश्चिमेची खिडकी आहे आणि हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. वरची कड आत्ताच फिकी पडली आहे. मी तिथल्या वहीत हे लिहून आले आणि त्या मुलीलाही सांगितलं. तिनं खिडकीला लगेच वर्तमानपत्र लावलं, पण जागा बदलणं तिच्या हातात नव्हतं.

कार्यशाळेबद्दल. गेल्यावर आधी चटईवर बसायचं, मांडी घालून, टोपी काढून. सेवुसेवु होतो, म्हणजे आलेल्यांच्या वतीनं यांगोनाची, म्हणजे कावाची, मुळी बुबूंपुढे ठेवतात आणि मग सगळ्यांना करवंटीतून यांगोनाचं पेय मिळतं. जीभ थोडी बधिर होते, घाबरू नका, नको असेल तर नम्रपणे नाही म्हणता येतं. बायकांनी गुडघ्याखाली येईल असं काही नेसून जावं. मी कॉटनची ओढणी गुंडाळली, चाललं.

मासीचं झाड म्हणजे कागदी तुती. कोवळी, सरळ वाढलेली खोडं तोडून साल सोलतात, बाहेरची खरबरीत पापुद्री खरवडून काढतात, आतली पांढरी साल भिजवतात आणि लाकडाच्या ओंडक्यावर, त्याला दुतुआ म्हणतात, इके नावाच्या चौकोनी मोगरीनं कुटतात. मोगरीच्या बाजूंना खाचा असतात. आधी खोल खाचांची बाजू, मग गुळगुळीत. दोन बोटं रुंदीची पट्टी बघता बघता वीतभर होते, मग आणखी. बुबूंच्या नातेवाइकांकडून वाळलेली साल फिजीतल्या वातुलेले बेटावरून येते आणि विमानतळावर दरवेळी जाहीर करून तपासून घ्यावी लागते. ऑकलंडच्या थंडीत हे झाड नेटानं वाढत नाही. माओरींच्या पूर्वजांनीही ते सोबत आणलं होतं, औते म्हणून, पण इथे ते टिकलं नाही आणि ती कला बंद पडली. निकाऊ हिंडिन या माओरी कलाकार बाईंनी अलीकडे ती पुन्हा उभी केली.

फिजीच्या गावात कुटण्याचा आवाज सकाळी घराघरातून येतो. इथे वस्तीत तो चालत नाही, म्हणून बुबूंनी ओंडका गाडीच्या जुन्या टायरवर ठेवलाय. आवाज बसतो, पण मोगरी थोडी उसळते, मनगटाला त्रास होतो. संधिवात असेल त्यांनी नुसतं बघावं.

मला सगळ्यात जास्त मिळालं ते खळीच्या वेळी. पट्ट्या एकमेकींना जोडायला आणि भोकं बुजवायला आरारूट किंवा कसाव्याची खळ लावतात. बुबूंनी पातेल्यात ढवळलेली खळ अंगठा आणि तर्जनीत घेतली, बोटं चिकटवून सावकाश उघडली, मधला तंतू तुटेपर्यंत बघितलं आणि थोडं पाणी घातलं. पुन्हा बोटं. पुन्हा थेंबभर पाणी. माप नाही, वाटी नाही. वडील चिंचोक्याची खळ अशीच बघायचे, अगदी याच दोन बोटांनी. मी बुबूंना ते सांगितलं. त्यांनी काही न बोलता पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि पुढच्या खेपेची खळ मला करायला लावली. माझी जरा घट्ट झाली. जोड सुकल्यावर कडक राहिला, तो त्यांनी ओलसर करून पुन्हा कुटला आणि मला दाखवला. जोड मोडून परत केलेला पाहणं हे नुसत्या जोडण्यापेक्षा जास्त शिकवून जातं.

उणीवा आहेत. एका दुतुआवर चार-पाच जण म्हणजे पाळी येईपर्यंत ताटकळावं लागतं. कुटण्यात सकाळ सरते आणि साच्यानं छापायचा भाग शेवटी घाईत उरकतात, खरं तर लोक त्यासाठीच आलेले असतात. कोपऱ्यात एका कलाकाराचा व्हिडिओ चालू असतो, आजीची मुलाखत आहे, फिजियन भाषेत, पण कुटण्याच्या आवाजात एक शब्द कळत नाही. व्हिडिओ बघायचा तर दुपारी जा. लहान मुलांना नेलंत तर चालतं, त्यांच्यासाठी कागद आणि बोथट साचे ठेवलेत.

मी एक तुकडा विकत आणला, उशीच्या अभ्र्याएवढा, 180 डॉलरला. महाग वाटेल, पण साल, कुटणं, जोडणं, रंग काढणं हे सगळं हातचं काम आहे, आणि मागून बघितलं तर जोड कुठे आहे ते हाताला लागतसुद्धा नाही. भाव करू नका. त्यांनी काळजी कशी घ्यायची ते काहीच लिहून दिलं नाही, म्हणून मी सांगते: धुवायचं नाही, घडी घालायची नाही, घडीवर तडा जातो. रंगाची बाजू बाहेर ठेवून नळीवर गुंडाळायचं. उन्हात टांगायचं नाही. खळीमुळे दमट हवेत कसर लागते, तेव्हा कोकणात किंवा मुंबईत कोणाला भेट पाठवणार असाल तर पावसाळा संपल्यावरच पाठवा, आणि काचेमागे लावलं तर काच कापडाला टेकू देऊ नका.

नक्षीबद्दल एक शेवटचं. मला दोन नक्ष्या इतक्या आवडल्या की ब्लाउजवर हातानं छापाव्यात असं मनात आलं. बुबूंना विचारलं. एका नक्षीला त्या लगेच हो म्हणाल्या, ती कुणाचीही आहे. दुसरीला म्हणाल्या, ती एका गावाची आहे, विचारून सांगते. फिजी एअरवेजनं 2013 च्या सुमाराला विमानांसाठी मासी कलाकार माकेरेता मातेमोसी यांच्याकडून मासीच्या नक्ष्या करून घेतल्या आणि मग 15 नक्ष्यांचा ट्रेडमार्क मागितला तेव्हा फिजीत केवढा गदारोळ झाला होता. समाजाच्या नक्षीवर कंपनीचा शिक्का कसा, हाच प्रश्न होता. ब्लाउज कंपनीएवढा मोठा नसतो, पण प्रश्न तोच आहे. बुबूंचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं की इथेच लिहीन. तोवर प्रदर्शनात फोटो काढा, ते चालतं, पण ते फोटो कापडावर प्रिंट करायला कुणाला देऊ नका, एवढी कळकळीची विनंती.